स्लगिश जावयासाठी जबलपूरला

आमच्या अमरावतीत कोणी जबलपूरला जाऊन आलं की पहिला प्रश्न ठरलेला, "संगमरवराचं काय आणलं?" मी काही आणलं नाही. भेडाघाटला संगमरवराचा एक गोजिरवाणा हत्ती हातात घेतला होता, भावही पटत आला होता. पण भाऊजींनी "चला, चला, उशीर होऊन राहिला" म्हणत मला दुकानातून अशा काही घाईनं बाहेर काढलं की हत्ती तिथंच राहिला. तेव्हा ज्यांना हत्ती हवा होता त्यांनी हे वाचून समाधान मानावं.

मी मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवते. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण जबलपूरला मला बहीण म्हणून नाही, इंग्रजीची बाई म्हणून बोलावलं होतं. शांताताईचं कार्ड आलं: लढाई चालू आहे, तरी ये, नलूच्या लग्नाचं अडलं आहे, ह्यांना एका इंग्रजी शब्दाचा अर्थ नीट समजून घ्यायचा आहे. आता बाई, शब्दाच्या अर्थासाठी लोक डिक्शनरी उघडतात, मेव्हणीला रेल्वेत घालून आणत नाहीत. पण नलू माझी लाडकी भाची. हेडबाईंच्या नाकावर टिच्चून मी रजा टाकली आणि निघाले.

इटारसीच्या पुढे

प्रवासाचं फार सांगत नाही. लढाईच्या दिवसांत आधी फौजेची गाडी जाते, मग मालगाडी जाते, आणि उरलेल्या वेळात आपण जातो. इटारसीच्या पुढे एका माळावर आमची गाडी इतका वेळ उभी होती की समोरच्या बाकावरच्या आजींनी खाली उतरून हरभऱ्याचे ढाळे आणले, सोलले, डब्यात सगळ्यांना वाटले, तरी सिग्नल पडेना. मी मनातल्या मनात 'स्टेशनरी', 'मोशनलेस', 'इम्मोबाइल' असे शब्द आठवत बसले. सवयच तशी लागली आहे. मुलींना स्थिर आणि चल वस्तूंची विशेषणं शिकवता शिकवता माझंच असं झालं आहे की झाड दिसलं तरी आधी शब्द सुचतो, मग सावली.

जबलपूरच्या फलाटावर भाऊजी घ्यायला आले होते. 'आले होते' म्हणजे आले आणि गेले. मी खाली उतरते न उतरते तोच त्यांनी माझी ट्रंक हमालाच्या डोक्यावर ठेवली, "चलो भैया, जल्दी जल्दी!" म्हणाले, आणि ट्रंकेसकट गर्दीत दिसेनासे झाले. मी तिथंच उभी. बऱ्याच वेळानं धापा टाकत परत आले.

"काहून उभ्या राहिल्या हो इथं, मास्तरीणबाई? मी तिकडं टांग्यात बसून तुमची वाट पाहून राहिलो!"

"भाऊजी, न्यायला मला आला होता की ट्रंकेला?"

"हॅ हॅ हॅ! चला, चला."

दसऱ्याचा शब्द

भाऊजी गाड्यांच्या कारखान्यात सुपरवायझर. फौजेचे ट्रक जोडतात तिथं. त्यांच्या क्वार्टरांच्या ओळीत निम्मी घरं आपली, नागपूर, वर्धा, अकोल्याकडची. बाया दारात मराठीत भांडतात आणि पोरं त्यांना हिंदीत समजावतात. सकाळी पोह्यांबरोबर जिलबी खातात. आम्ही पोह्यांवर लिंबू पिळतो, हे लोक पाकातली जिलबी ठेवतात. शिवाय खव्याची काळी जिलबी निराळी. ती सकाळ-संध्याकाळ केव्हाही चालते. मी दोन दिवस नाक मुरडलं, तिसऱ्या दिवशी ताईला म्हटलं, "आज जिलबी नाही आणली का गं?"

पण या कॉलनीतली खरी नवलाची चाल वेगळीच. दसऱ्याला इथल्या प्रत्येक कारखान्यात यंत्रांची पूजा होते. यंत्राला हळदकुंकू, झेंडूची माळ, नारळ, सगळं साग्रसंगीत. ते झालं की साहेब उभा राहतो आणि एकेका माणसाला पेढा देताना त्याच्याबद्दल एक इंग्रजी शब्द बोलतो. साहेब आपलाच, देशी. पण पेढा देताना त्याच्या तोंडात गोरा शिरतो. "स्टेडी," म्हणतो. "ब्रिस्क," म्हणतो. टाळ्या पडतात. पेढा संध्याकाळपर्यंत संपतो, शब्द मात्र पुढच्या दसऱ्यापर्यंत अंगावर राहतो.

आणि नुसता राहत नाही, घरी येतो. भाऊजींना 'डायनॅमिक' मिळाला होता. म्हणून दूधवाला आरोळी देई, "डायनॅमिक साब, दूध!" पलीकडच्या घरी 'ब्रिस्क' होता, तिथल्या वहिनी हळदीकुंकवाला सगळ्यांच्या आधी येऊन सगळ्यांच्या आधी जात, शब्दाला जागायला नको का! कोपऱ्यावरचा एक बिचारा 'ॲव्हरेज' होता, तो मान खाली घालून जायचा. सोयरीक जुळवताना आधी शब्द विचारत, मग गोत्र.

भाऊजींचं डायनॅमिक असणं मी डोळ्यांनी पाहिलं. कारखान्यातून येताना पळत येत, सायकल भिंतीवर आदळत, बूट अंगणात भिरकावत. एकदा आरामखुर्चीत बसले की मात्र पाण्याच्या पेल्यासाठीसुद्धा उठत नसत. मग सगळी गती तोंडात. "नलू, पेपर! अगं, चहा! शांता, पंखा काहून लावून ठेवला थंडीत?" लढाई लागल्यावर अंगणात खंदक खणायचा हुकूम निघाला, तर कॉलनीत पहिला खंदक ह्यांचा. एका दिवसात खणून घेतला आणि नेमका फाटकापासून ओट्यापर्यंतच्या वाटेवर. ताई म्हणाली, "अहो, जरा बाजूला खणा." हे म्हणाले, "बाजूला खणायला वेळ लागते." तेव्हापासून सगळे जण खंदकाला वळसा घालून घरात शिरत.

शब्दाचा अर्थ

पहिल्याच संध्याकाळी भाऊजींनी मला समोर बसवलं. खिडक्यांना काळा कागद, दिव्याला काळी टोपी, त्या टोपीतून पडलेल्या उजेडाच्या वर्तुळात आम्ही दोघं.

"मास्तरीणबाई, स्लगिश म्हणजे काय?"

"म्हणजे संथ. मंद. रेंगाळणारा."

"तेच! तेच नलूला सांगा. तुमच्या तोंडून. चांगल्या मराठीत, उदाहरणासकट. गोगलगाय म्हणा, अजगर म्हणा, काहीही म्हणा. तिला त्या मधुकरशी लग्न करायचं आहे. दसऱ्याला त्याच्या कारखान्यातल्या साहेबानं भर मांडवात त्याला स्लगिश म्हटलं! सगळ्या कॉलनीनं ऐकलं! आता मी डायनॅमिक माणूस, स्लगिश जावई घेऊन लोकांना तोंड कसं दाखवू?"

"आणि मुलगा कसा आहे?"

"सांगितलं ना, स्लगिश!"

त्यांच्या खात्यातला एक मुलगा होता, ब्रिस्क, तो रविवारी नलूला पाहायला येणार होता. म्हणजे माझ्या हातात एवढाच आठवडा होता, आणि त्या आठवड्यात मी इंग्रजी शिकवून भाचीचं मन फिरवायचं होतं.

नलू रेल्वेच्या ऑफिसात टायपिस्ट. बोलते तशी टाइप करते, थांबणं ठाऊक नाही. स्वयंपाकघरात मटार सोलता सोलता मी तिला विचारलं, "काय गं, एवढी चपळ तू, तुला हा रेंगाळणारा कुठं सापडला?"

तिनं हातातली शेंग खाली ठेवली. "मावशी, आमच्या घरात माझं एक वाक्य आजवर पूर्ण झालं नाही. मी 'बाबा' म्हटलं की बाबा म्हणतात, 'समजलं, चलो.' मधुकर ऐकतात. शेवटपर्यंत. मग थोडं थांबतात, तुम्हाला वाटेल झोपले. आणि मग जे बोलतात ना, ते मी बोलले त्याच्यावरच असते." तिचे डोळे भरून आले. "मी त्या ब्रिस्कसमोर पोह्यांची बशी घेऊन जाणार नाही. बाबांनी ओढून नेलं तर जाईन, पण मग माझ्याकडून हसायची अपेक्षा करू नका."

पोर इतकी कोमेजलेली मी कधी पाहिली नव्हती. मला भाऊजींचा संताप आला, आणि त्या साहेबाचा तर फारच.

भेडाघाट

ताई वरून गरीब गाय, आतून पक्की. "सिंधू आली आहे, तिला भेडाघाट दाखवू," असं तिनं जाहीर केलं आणि "टोपली उचलायला कोणी हवं" म्हणून मधुकरला बोलावलं. भाऊजींनी कपाळाला आठी घातली; पण टोपली त्यांना उचलायची नव्हती, म्हणून गप्प बसले.

मधुकर उंच, सावळा, स्वेटर घरी विणलेला. नमस्कारसुद्धा सावकाश केला. टोपली घेतली, चालला. भाऊजी पुढं शंभर पावलं, नलू बापाच्या आणि त्याच्या मधे येरझाऱ्या घालणारी, मी आणि ताई मधे, आणि मधुकर मागं. पण एक गोष्ट मी टिपली. त्यानं टोपली जिथं जिथं खाली ठेवली तिथं आवाज झाला नाही. आत काचेच्या बरण्या होत्या, स्टीलचे डबे होते, किणसुद्धा वाजलं नाही. आमच्याकडे शिपाई टेबलावर हजेरीबुक ठेवतो तेव्हा दौत उडते.

धुआंधारला नर्मदा वरून अशी कोसळते की पाण्याचा धूर होतो. मी कठड्याला धरून उभी राहिले आणि सवयीनं सुरू झाले, "टर्ब्युलंट! टॉरेन्शियल! रशिंग!" तोंडावर तुषार उडून चष्मा आंधळा झाला, माझं तरी चालूच. शेजारी एक गावची बाई लेकराला घेऊन उभी होती. तिनं माझ्याकडे काळजीनं पाहिलं आणि लेकराला पलीकडच्या कडेवर घेतलं.

भाऊजींनी धबधबा पाहिला. "हां, देखा. चलो."

मग नावेत बसलो. दोन्ही बाजूंना पांढऱ्या, पिवळसर, मधेच निळ्या कडांचे संगमरवरी डोंगर सरळ पाण्यात उतरलेले, आणि पाणी इतकं निवांत की डोंगर खाली आहे की वर, कळू नये. तीच नर्मदा, अर्ध्या कोसावर आकांत करणारी. मी 'प्लॅसिड', 'सिरीन' म्हणायला तोंड उघडलं आणि खरंच सांगते, म्हणावंसं वाटलं नाही. नावाडी मात्र बोलत होता. "बाई जी, ऊपर जो शोर है वो तो सब देखते हैं. गहरी यहाँ है. बाँस डालो तो पता नहीं लगता."

"किती वेळ लागेल अजून?" भाऊजींनी विचारलं.

नाव काठाला लागल्यावर भाऊजी टांगा पाहायला पळाले, तेव्हा मी मधुकरला एका दगडावर बसवलं आणि वर्गात घेतात तशी उलटतपासणी घेतली.

"तुम्हाला साहेबानं तो शब्द काहून दिला?"

तो थांबला. नलू म्हणाली होती तसाच थांबला. मी मनात दहा म्हटले. "मी दारूगोळ्याच्या कारखान्यात आहे ना जी, गोळ्यात दारू भरतात तिथं. आमच्या शेडमधे पळत नाहीत. पाय घासत नाहीत. काही आपटत नाहीत. खिळ्याचे बूट तर दारातच काढावे लागतात, ठिणगी पडली तर शेड जाईल. नवीन साहेब दसऱ्याच्या आधी, लढाईची तयारी सुरू झाल्यावर आले, 'प्रॉडक्शन, प्रॉडक्शन' करत बुटांसकट आत निघाले. मी दारात आडवा झालो. म्हटलं, साहेब, बूट."

"मग?"

"मग त्यांना नाड्या सुटत नव्हत्या. मी म्हटलं, आरामसे, साहेब. सगळे पाहून राहिले होते." तो थोडासा हसला. "दसऱ्याला त्यांनी पेढा दिला आणि हा शब्द दिला."

"अहो, मग हे तुम्ही सगळ्यांना सांगितलं काहून नाही?"

पुन्हा थांबला. "सांगायला गेलो होतो नलूच्या बाबांकडे. ते 'समजलं, चलो' म्हणाले."

खंदक

शनिवारी संध्याकाळी भाऊजींनी पाटावर बसताच निकाल मागितला. उद्या ब्रिस्क येणार, आज फैसला हवा. नलू वाढत होती.

"मास्तरीणबाई, सांगा तिला. स्लगिशचा पूर्ण अर्थ."

मीही तयारीनं बसले होते. बूट, नाड्या, शेड, सगळं क्रमानं सांगणार होते, आणि शेवटी भाऊजींच्या डायनॅमिकचाही अर्थ सांगणार होते, आरामखुर्चीच्या उदाहरणासकट. घसा साफ केला. तेवढ्यात हवाई हल्ल्याचा भोंगा वाजला.

भाऊजी कॉलनीचे वॉर्डन. भोंगा झाला की शिट्टी फुंकत, "बत्ती बुझाओ" ओरडत फिरायचं, हे त्यांचं काम, आणि त्या कामाचा त्यांना कोण अभिमान! पाटावरून टुणकन उठले. ताईनं दिवा मालवला. "अहो, कंदील तरी..." ती म्हणेपर्यंत हे शिट्टी तोंडात धरून ओट्यावरून निघाले. एकदा शिट्टी ऐकली. दुसऱ्यांदा ऐकली ती जमिनीच्या खालून.

खंदकात पडले होते. स्वतःच्या. कॉलनीतल्या पहिल्या.

"माय वं! मेलो! पाय! माझा पाय!"

शेजारपाजारचे धावले. डायनॅमिक साहेब पडले म्हटल्यावर कॉलनीचे सगळे ब्रिस्क क्षणात हजर. दोघांनी काखेत हात घातले, तिसऱ्यानं कंबर धरली. "एक, दो..."

"थांबा," फाटकाजवळून कोणीतरी म्हणालं. मोठ्यानं नाही, पण सगळे थांबले. भेडाघाटला नेलेला ताईचा डबा परत द्यायला मधुकर आला होता. "कोणी ओढू नका. त्यांना ओढू नका."

डबा त्यानं ओट्यावर ठेवला, आवाज न करता. मग खंदकात उतरला. अंधारात तो काय करतो ते दिसत नव्हतं, फक्त ऐकू येत होतं, "काका, इथं दुखते? इथं? अच्छा. हलू नका." खिडकीवर काळा कागद ठोकायला लावलेल्या लाकडी पट्ट्यांतल्या दोन मागितल्या. नलूनं ओरबाडून काढून दिल्या. तिची ओढणी मागितली, तीही दिली. पाय बांधला. मग खाट मागवली आणि वर घेतलं, इतकं सावकाश की खाट करकरलीसुद्धा नाही.

गाडी मिळणार नव्हती. दिवे लावायला बंदी. कारखान्याचा दवाखाना रस्त्याच्या टोकाला. खाटेचे चार कोपरे चौघांनी धरले, पुढच्या कोपऱ्यावर मधुकर. "माझ्या पावलाला पाऊल टाका. पळायचं नाही, खाट हलू द्यायची नाही." आणि निघाला, शेडमधे चालतात तसा. आम्ही बायका मागं. वर डोक्यावर विमान आहे की नाही देव जाणे, आणि आमची खाट कासवाच्या चालीनं चाललेली. मी भित्री नाही, पण माझ्या तोंडचं पाणी पळालं होतं. मागच्या कोपऱ्यावर पलीकडचे ब्रिस्क होते, त्यांना राहवेना. त्यांनी पाऊल उचललं आणि खाटेला हिसका बसला.

"ओय ओय ओय!"

"अरे भाई, जल्दी करो ना!" ब्रिस्क म्हणाले. "ऊपर जहाज है, और ये टहल रहा है!"

तेव्हा खाटेवरून आवाज आला. भाऊजींचाच, पण असा मी कधी ऐकला नव्हता.

"जल्दीची ऐशी की तैशी! त्याला कोणी घाई करू नका! खबरदार! मधुकर, बाबा, तू तुझ्या चालीनं चाल. हळू. हळू रे माझ्या राजा, हळू..."

ताईनं अंधारात माझा दंड घट्ट धरला. ती रडत होती की हसत होती, सांगता यायचं नाही.

दवाखान्यात डॉक्टरांनी ओढणी सोडली, पाय पाहिला. "हड्डी टूटी है, पर हिली नहीं. लाया कौन?" सगळ्यांनी मधुकरकडे बोट दाखवलं. तो दारात वाकून बूट काढत होता.

स्टेशनरी

रविवारी ब्रिस्क मुलगा आला तो थेट दवाखान्यात. "गेट वेल सून," म्हणाला, घड्याळ पाहिलं, ताई थर्मासमधला चहा ओतेपर्यंत गेलासुद्धा. भाऊजी दाराकडे पाहत राहिले. पाय प्लास्टरमधे, दोरीनं वर टांगलेला, कूस बदलायची सोय नाही. मी आयुष्यभर मुलींना 'इम्मोबाइल' शिकवला, इतकं स्वच्छ उदाहरण कधी मिळालं नव्हतं. पण बोलले नाही, माणूस आजारी होता.

मधुकर रोज पाळी संपली की येई. खाटेशेजारी स्टुलावर बसे. भाऊजी सांगत, तो ऐके. ट्रक, साहेब, नागपूरचं बालपण, सासुरवाडीच्या तक्रारी, सगळं. शेवटपर्यंत ऐके. इतका ऐकणारा माणूस भाऊजींना जन्मात मिळाला नव्हता. तो यायच्या वेळेला ते दाराकडे डोळे लावून बसू लागले.

माझ्या निघायच्या दिवशी मी निरोप घ्यायला गेले तेव्हा सगळे तिथंच होते. नलू पडद्याआड मोसंबी पिळत होती. भाऊजी माझ्याकडे पाहून ओशाळले.

"मास्तरीणबाई, तो अर्थ राहिलाच."

"सांगू का?"

"नको, राहू द्या." मग मधुकरकडे वळले. छताकडे पाहत बोलले, पण बोलले. "साहेबाला पुढच्या दसऱ्याला जे म्हणायचं ते म्हणू दे. मी ठरवलं आहे. आता उशीर नको, याच महिन्यात बार उडवून टाकू. मला खाटेवर उचलून मांडवात न्या. काय म्हणतो?"

मधुकर थांबला. ताई थांबली, मी थांबले, पडद्याआड मोसंबी पिळायचा आवाज थांबला. भाऊजींच्या कपाळावरची शीर फुगली, पण तेही, धन्य त्यांची, थांबले.

"काका," मधुकर म्हणाला, "आधी पाय बरा होऊ द्या. आपल्या पायानं मांडवात या. घाई कोणाला आहे?"

"मला आहे!" पडद्याआडून नलू ओरडली.